सगळ्यांची आत्या

विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागात जिन्याखालून आत गेलं की एक लांबुळकी खोली लागायची, आणि त्या खोलीवर आत्याचं राज्य होतं. दोर, हेल्मेटं, वॉकीटॉकी, प्रथमोपचाराच्या पिशव्या, घडीचं स्ट्रेचर, असं डोंगरात शिकायला जाणाऱ्या पोरांना लागणारं सगळं तिच्या ताब्यात. कुणी कुठे उभं राहायचं, आभाळ भरून आलं तर कुठल्या वाटेने उतरायचं, हेही तीच ठरवणार. कुणी 'सहल' म्हटलं की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "सहलीला पत्ते नेतात," ती म्हणायची. "आपण फील्डवर्कला जातो. पत्ते दिसले तर दरीत फेकीन, आणि मागोमाग खेळणाऱ्याला!"

खरं तर ती आत्या एकीचीच. तिच्या भावाची मुलगी याच विभागात पहिल्या वर्षाला आली आणि पहिल्याच दिवशी भर वर्गासमोर ओरडली, "ए आत्या, माझे बूट चालतील का बघ ना!" झालं! आठवड्याभरात अख्खा वर्ग आत्या म्हणायला लागला, मग शिपाई, आणि एकदा तर घाईगडबडीत खुद्द सरांच्या तोंडूनही निसटलं. सर म्हणजे ही फील्डवर्कं घेणारे प्राध्यापक, अगदी मोजकं बोलणारे. आत्या वरून डोळे वटारायची आणि आतून अशी फुलायची की विचारता सोय नाही.

तिचा एक नियम होता. हेल्मेट हातातून पडलं की बाद. ओरखडा नसला तरी बाद, कारण आतला फोम एकदा दबला की पुढच्या वेळी डोकं वाचवत नाही, आणि दबलेला फोम बाहेरून दिसत नाही. ज्याच्या हातून पडेल त्याने तिथल्या तिथे मोठ्याने सांगायचं, "माझ्याकडून पडलं!" आणि मग बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. होय, टाळ्या! लपवण्यापेक्षा सांगणं सोपं वाटावं म्हणून ही शक्कल आत्यानेच काढली होती. धडपड्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका मुलाने तर एवढ्या टाळ्या मिळवल्या होत्या की एखाद्या गवयाला हेवा वाटावा.

तर फील्डवर्कला एका दगडखाणीवर जायच्या आदल्या दुपारी आत्या स्टुलावर उभी राहून वरच्या फळीवरची नवी हेल्मेटं उतरवत होती. सगळी केशरी, एकसारखी, अजून नंबरसुद्धा न टाकलेली. फोन कानाखांद्याच्या मध्ये दाबलेला. पलीकडे भाऊ.

"अरे दादा, कशाला जीव टांगणीला लावतोस? लेक माझ्याबरोबर आहे ना? आजवर माझ्या हाताखाली कुणाच्या केसालाही..."

टण्ण!

एक हेल्मेट फळीवरून थेट फरशीवर. आत्याने खाली उतरून ते उचललं, आणि नेमके तेव्हाच सर दारात. मागे क्रेट भरायला आलेली दोन मुलं.

"काय पडलं?"

आता बघा, दोन शब्दांचं काम होतं. हेच दोन शब्द ती पोरांकडून घोकून घेत आली होती. पण फोनवर भाऊ, समोर सर, आणि तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"काही नाही सर, डबा."

बोलता बोलता हातातलं हेल्मेट तिने बाकीच्यांच्या ढिगात ठेवलं. नंतर बाजूला काढू, म्हणाली मनात. पण पोरं कसली थांबतायत! पटापट सगळी हेल्मेटं क्रेटमध्ये कोंबून मोकळी. सगळे गेल्यावर तिने एकेक बाहेर काढून पाहिलं, दाबून पाहिलं, उजेडात धरलं. एक दुसऱ्यापासून वेगळं ओळखता येईना. जास्तीचं म्हणून फक्त तिचं स्वतःचं जुनं पिवळं हेल्मेट होतं.

सरांना सांगायचं तर ते विचारणार, "डबा म्हणालात ना?" हा डबा तिच्या घशात अडकून बसला. आणि दगड काय रोज पडतात का? पडला तरी नेमका त्याच डोक्यावर? असं तिने स्वतःला समजावलं. एखादा विद्यार्थी असं बोलला असता तर तिने त्याची चामडी लोळवली असती.

सकाळी खाणीच्या कड्याखाली सगळे हेल्मेटं चढवून उभे राहिले. वर उभा कातळ, पट्ट्यापट्ट्यांचा. मधूनच बारीक खडे घरंगळत येत होते. आत्याने भाचीला बाजूला ओढलं आणि स्वतःच्या डोक्यावरचं पिवळं हेल्मेट काढलं.

"हे घाल. तुझं मला दे."

"का? माझं मस्त बसलंय."

"सैल दिसतंय."

भाचीने अंगात आल्यासारखी मान घुसळली. हेल्मेट जागचं हललं नाही. "बघ! डोकं निघेल, पण हे नाही निघायचं."

"घाल म्हटलं की घालावं गं!"

भाचीने घातलं खरं, पण नजर आत्यावरून हटवली नाही. "आत्या, माझ्या खांद्यावर काय आहे?"

"कुठे काय?"

"मग खांद्याकडे बघून का बोलतेयस? खोटं बोलताना तू असंच करतेस. माझ्या हेल्मेटमध्ये काही खोट आहे का?"

"नाही गं, त्यातच आहे असं नाही..."

आत्याने जीभ चावली. पण शब्द सुटला होता.

"मग कशात आहे?"

"माहीत नाही," आत्या पुटपुटली. "काल एक पडलं. यातलंच कुठलंतरी."

भाचीने मागे वळून पाहिलं. चश्मिश, तिची सगळ्यात जवळची मैत्रीण, हनुवटीखालचा पट्टा आवळत होती. धडपड्या वर बघून आ वासून उभा होता.

"म्हणजे ते कुणीतरी घालून वर जाणार," भाची म्हणाली. "फक्त मी नाही."

"तुझं मी घालतेय ना!"

"आणि त्यांचं?"

आत्याचे कान तापले. आपण आपलं डोकं पणाला लावलं, म्हणजे फिटलं, असा हिशेब तिने सकाळपासून मनात मांडला होता. भाचीने तो एका फटक्यात पुसून टाकला.

"निघायचं का?" सरांनी हाक दिली.

आत्याने शिट्टी फुंकली. "कुणी वर जायचं नाही! हेल्मेटं काढू नका, आधी कड्यापासून लांब या. सगळे!"

सगळे लांब आले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. पण धरणी असल्या कामाला वेळेवर कधी येते?

"काल माझ्याकडून हेल्मेट पडलं," ती म्हणाली. "कुठलं ते आता ओळखता येत नाही. सरांनी विचारलं तेव्हा मी डबा म्हणाले."

धडपड्याने सवयीने टाळी वाजवली. एकच. दुसरी कुणाची आलीच नाही, तसे त्याने हात खिशात घातले.

"पण आत्या," चश्मिशने विचारलं, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, हेच जास्त लागलं, "मग पिवळं तिला का दिलंत?"

म्हणजे सगळ्यांनी पाहिलं होतं.

"कारण ती माझी भाची आहे."

कुणी हसलं नाही, कुणी रागावलंही नाही. सरांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, "समोरच्या माळावर बसा. लांबून दिसतील तेवढे कातळाचे थर वहीत काढा." आत्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

त्या माळावर सगळ्यांनी वह्या उघडल्या. आत्या जरा अंतरावर बसली. एरवी तिच्या पाण्याच्या बाटलीवर निम्मा वर्ग तुटून पडायचा. आज बाटली भरलेलीच परत आली.

परतल्यावर ती खोलीत बसून सगळ्याच केशरी हेल्मेटांचे पट्टे कापायला लागली, म्हणजे चुकूनही कुणी पुन्हा घालणार नाही. थोड्या वेळाने भाची आली. दुसरी कात्री घेऊन टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसली. दोघी कापत राहिल्या. कच्. कच्.

"तुझ्या मनात आलं होतं का," भाचीने मान वर न करता विचारलं, "की चश्मिशच्या डोक्यावर ते असेल?"

नाही म्हणणं किती सोपं होतं! सुचलंच नाही गं, घाबरले होते, असं म्हटलं असतं तर पोरीने लगेच गळ्यात हात टाकले असते.

आत्याने सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं. "आलं होतं. तिचंच आलं होतं. तरी गप्प बसले."

भाचीची कात्री थांबली. तिचे डोळे भरून आले. "मला किती लाज वाटतेय माहितीये? तू मला वाचवायला बघत होतीस, आणि मला उद्या तिच्या शेजारी बसायचंय."

"हो," आत्या म्हणाली.

भाचीने कात्री टेबलावर ठेवली, बॅग खांद्याला लावली आणि निघून गेली. आत्याने पुढचं हेल्मेट ओढलं, मग त्याच्या पुढचं. ढीग बराच उरला होता, आणि तो तिचा तिलाच संपवायचा होता.