तिसरी हाक

शाळेच्या पालक समितीत जनाचं नाव लागलं ते चिठ्ठीने. खर्डीपासून आत असलेल्या त्या सिस्टर लोकांच्या शाळेत दर दोन वर्षांनी समिती बदलते. गावातले पालक हौसेने उभे राहतात. डोंगरातल्या वाड्यांचा मात्र एक माणूस धरून आणावा लागतो. यंदा चिठ्ठ्या टाकल्या आणि निघाली जना. नवरा भगीरथ म्हणाला, "जा की. खुर्चीत बसाया भेटंल."

तेवढं खरं झालं. चार सभा झाल्या, चारही वेळा ती खुर्चीत बसली, वाट्याची बिस्किटं पदराला बांधून लेकीसाठी, अंजूसाठी, घेऊन आली, आणि बोलली मात्र एक अक्षर नाही. लोक म्हणायला मोकळे झाले की वाडीवरची माणसं सभेत मूग गिळून बसतात. आता लोकांना काय, जिभेला हाड नसतं.

पाचवी सभा भादवा सरताना आली, शनिवारी, शाळा सुटायच्या आधी. भात निसवलं होतं. खिडकीतून त्याचा गोडसर वास आत येत होता आणि भिंतीवरच्या मारियामातेच्या तसबिरीखाली उदबत्तीचा धूर हळूहळू वर चढत होता. जनाच्या डोळ्यांवर गुंगी यायला लागली. पण त्या दिवशी झोपून चालणार नव्हतं. समितीचे सचिव रत्नदीप कांबळे ठराव वाचत होते, आणि ठरावात तिची अंजू होती.

पहिलीतली पाच मुलं हाक मारली तरी ओ देत नाहीत, प्रश्न विचारला तर गप्प राहतात. त्यांना ऐकू कमी येत असावं, किंवा समज कमी असावी. सबब दिवाळीनंतर त्यांना पहिलीतून काढून बालवर्गाशेजारी वेगळं बसवावं. पाच नावं. पाचही वाडीवरची. पहिलं अंजूचं.

"वाईट वाटतं हो," वर्गशिक्षिका रुपालीबाई म्हणाल्या. "पण मी तरी किती दिवस भिंतीशी बोलू?"

भिंत? घरी तर त्या पोरीच्या तोंडाला खळ नसतो. शेळीशी बोलते, चुलीशी बोलते, झोपेतसुद्धा बोलते. जनाने बोलायचं सगळं मनात जुळवून ठेवलं.

"कुणाला काही सांगायचं आहे?" सिस्टर रोजलीनने विचारलं. सिस्टर वसईकडची, या शाळेची मुख्याध्यापिका, आवाजाने मऊ.

एक, जनाने मनात मोजलं, आणि ती थांबली. सिस्टरने इकडे तिकडे पाहिलं, पान उलटलं. "मग मंजूर समजू या."

मंजूर? जना खुर्चीत तशीच राहिली. अजून दोन हाका यायच्या होत्या. खिडकीबाहेर ढगाची सावली भातावरून सरकत डोंगराकडे गेली, आणि तिच्यामागून जनाचं मनही गेलं, वर, करवंदांच्या जाळीत, आठ वर्षांची होऊन. टळटळीत दुपार होती. खालून आईची हाक आली, "जनाऽ!" तिने लागलीच "ओऽ" दिली आणि हाकेच्या दिशेने धावली. जितकी धावली तितकी हाक पुढे गेली. साऱ्या वाडीने शोधली तेव्हा ती दिवस कलताना पल्याडच्या ओढ्यात सापडली. आईने आधी एक सणसणीत ठेवून दिली, मग पोटाशी धरलं. "मी हाकच नाय मारली गो! ध्यानात ठेव. पयली हाक रानाची, दुसरी वाऱ्याची, तिसरी मानसाची. तिसरीला ओ द्यायची."

वाडीत सगळे तसंच करतात. लग्नाची बोलणी असोत की देवाचा कौल, तीनदा विचारतात. एकदा विचारणं म्हणजे नुसता घसा साफ करणं. हेच जनाने उन्हाळ्यात अंजूला शिकवलं होतं, बोटं धरून, तीनदा म्हणवून घेऊन.

बोटं धरून! जनाची गुंगी खाडकन उतरली. म्हणजे पोर वर्गात बसून बोटं मोजतेय. आणि शिकवलं कुणी? आपणच. तिला भीती वाटली, आणि स्वतःचा राग आला.

"ताई, इथं सही करा," रत्नदीपनी वही पुढे सरकवली. जनाने पेन धरलं, पण टेकवलं नाही.

"जनाताई?" सिस्टर म्हणाली. जना गप्प.

"जनाताई, काही अडचण आहे का?" जना गप्पच. रुपालीबाईंनी रत्नदीपकडे पाहिलं. आईच अशी, तर लेक कशी असणार!

सिस्टर उठून जवळ आली. "जनाताई, ऐकू येतंय ना तुम्हाला?"

"ओ," जना म्हणाली. "येतंय सिस्टर. तिसऱ्या हाकेची वाट बघत व्हते."

आणि मग ती बोलली. चार सभांचं साठलेलं बोलली. करवंदाची जाळी सांगितली, आईची चपराक सांगितली. "आमची पोरं बहिरी नायत. तुमी एकदा हाक मारता न् म्होरं जाता. ह्या सभेत पन तसंच. तीनदा विचारा, मंग बघा वाडीवाले कशे बोलतान."

रत्नदीपना हसू आलं, पण सिस्टरचा चेहरा पाहून त्यांनी ते गिळलं. "अशी कुठं पद्धत असते का?" रुपालीबाई पुटपुटल्या.

"बघू तर खरं," सिस्टर म्हणाली. "चला वर्गावर."

सगळे व्हरांड्यातून गेले. जनाला दारामागे उभं केलं, आईला बघून पोर बोलली असं नको व्हायला. फटीतून तिला अंजू दिसत होती, शेवटच्या रांगेत, खिडकीपाशी, डोंगराकडे बघत.

"अंजू!" रुपालीबाईंनी हाक मारली.

अंजूने मान वळवली, ओठ मिटलेलेच. मांडीवर एक बोट उघडलं.

"अंजू!"

दुसरं बोट. रुपालीबाईंनी सवयीने सुस्कारा टाकला आणि त्या पाठ फिरवणार, एवढ्यात सिस्टरने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. दारामागे जनाने पदर तोंडात कोंबला.

"अंजू?" या वेळी बाईंचा आवाज हळू आला, खरंच कुणाला तरी शोधत असल्यासारखा.

"ओऽऽऽ!" या डोंगरावरून त्या डोंगराला जाते तशी ओ आली. साऱ्या वर्गाने दचकून मागे बघितलं. अंजू उभी राहिली होती. "बाय, मी हितंच हाय!"

रुपालीबाई बाकाशी गेल्या, खाली बसल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "मग इतके दिवस का गं बोलली नाहीस?"

अंजूला या प्रश्नाचं नवलच वाटलं.

"तू तिसऱ्यांदा कदी हाकच नाय मारलीस."