मी एसटीला मागे टाकलं त्याची गोष्ट

मित्रांनो, माझी गोष्ट तुम्ही खरी मानणार नाही. भोरात अजून कोणी मानलेली नाही.

मी एक जुनी स्पोर्ट्स गाडी आहे. रंग लाल, आसनं दोनच, आणि उंचीला इतकी बुटकी की म्हशीसुद्धा माझ्याकडे वाकून बघतात. साठ वर्षांपूर्वी मी बोटीतून आले. खलाशांनी मला दोरांनी बांधलं होतं, का, तर बोटीच्या पुढे पळून जाईन म्हणून!

माझे मालक दीनानाथ वकील. त्यांनी मला पक्षकारासारखं जपलं. कोणी नावं ठेवली की लगेच माझी बाजू मांडायचे.

पण गेल्या सुगीनंतर मी तापू लागले. थोडं चाललं की काटा वर आणि नाकातून वाफ. एकदा मी वाटेतच बसले, आणि भाचीच्या डोहाळजेवणाला निघालेल्या कुंदाताई, म्हणजे वकीलसाहेबांच्या पत्नी, भरजरी साडीत दोन किलोमीटर चालत गेल्या. घरी आल्यावर म्हणाल्या, "अहो, तिच्या बाळाच्या बारशाला मी एसटीनं वेल्ह्याला जाणार. तुम्ही हिला घेऊन मागून निघा. एसटी आधी पोचली, तर त्याच दिवशी भंगारवाला बोलावीन."

साहेबांनी मला उत्रोलीच्या गोरखकडे नेलं. गोरख ट्रॅक्टरचा मिस्त्री. त्याने पाणी बघितलं, भरलेलं. पंख्याचा पट्टा ओढला, ताठ. थर्मोस्टॅट, म्हणजे तापल्यावर उघडणारा पाण्याचा झडपा, काढून थेट आई अंबूबाईंच्या चहाच्या पातेल्यात उकळला. तो बरोबर उघडला.

"मेल्या, साखर घालू का त्यात?" अंबूबाई ओरडल्या.

मग गोरखने रेडिएटरच्या मागे बॅटरी पेटवून धरली आणि पुढून डोकावला. उजेडाचा ठिपकासुद्धा दिसेना.

"वकीलसायेब, हिला भातावरनं फिरवली व्हय तुमी?"

साहेबांनी मान खाली घातली. सुगीत आपल्याकडे भाताच्या पेंढ्या डांबरी रस्त्यावर पसरतात आणि जाणाऱ्या गाड्यांकडून मळून घेतात. रस्त्यावर भात पसरलेल्या सावळारामने हात केला होता, "सायेब, तुमची गाडी लई जोरात. चार फेऱ्या मारा की!" कौतुकाने फुगून साहेबांनी चौदा मारल्या. माझं नाक जमिनीलगत. सगळं भुसकट जाळीत बसलं आणि वाऱ्याची वाटच बुजली.

गोरखने इंजिनाच्या बाजूने पाण्याचा पाइप लावून ते उलटं बाहेर काढलं. दोन पोती निघालं! त्यावर अंबूबाईंची म्हैस महिनाभर जगली, आणि तिच्या दुधाला पेट्रोलचा वास येऊ लागला.

बारशाच्या दिवशी भोरच्या स्टँडवरून एसटी सुटली, मागोमाग मी. वेल्ह्याच्या अलीकडच्या चढावर साहेबांची नजर रस्त्यावर कमी, काट्यावर जास्त. पण काटा मधोमध, जागचा हलेना! तेवढ्यात पुढे एसटी दिसली. अशी सुसाट पळत होती की चाकांतून ठिणग्या उडत होत्या. मी एक हॉर्न दिला आणि वाऱ्यासारखी पुढे निघून गेले.

म्हणून सांगते, मित्रांनो, म्हातारी गाडी तापली तर तिला भंगारात काढू नका. आधी तिचं नाक साफ करा. वारा मिळाला की म्हातारीसुद्धा एसटीला...

"अगं ए लाले!" माझं बॉनेट पुसता पुसता कुंदाताई थांबल्या. "पळत कसली होती एसटी? पंक्चर होऊन वळणावर उभी होती. मीच खाली उतरून ह्यांना हात केला आणि तुझ्यात बसून बारशाला पोचले ना!"