पोळ्यांच्या वेळी रडणारी मतमाउली

“रोज पोळ्या टाकायच्या वेळंलाच रडती, माय! दुपारी रडली असती तर काय बिघडलं असतं?”

आवडाबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या. आम्ही दोघी रांगेत उभ्या होतो आणि रांग चर्चच्या दारातून निघून पार गंगापूर रस्त्याला लागली होती. फारूखभाईंची जीप माणसं ओतायची आणि पुन्हा भरायला निघायची. आमच्या वस्तीतली मतमाउली, म्हणजे येशूची आई मरिया, थंडी पडल्यापासून रडायला लागली होती. संध्याकाळी मेणबत्त्या पेटल्या, प्रार्थना रंगात आली, की तिच्या पांढऱ्याशुभ्र गालांवरून थेंब ओघळायचे. बायका हंबरडा फोडायच्या.

माझ्या घरी बुद्धाची तसबीर आहे. तिला रडायची सवय नाही. पण शेजार आहे, म्हणून मी गेले. आणि खरं सांगायचं तर लीलाबाईच्या लेकीसाठी, सरितासाठी गेले.

वेदीपाशी ब्रदर शिवराज माईक धरून उभे. हे वस्तीतले नव्हेत. कुठलंसं प्रार्थना-शिबिर घ्यायला आले, फादर बाहेरगावी गेलेले दिसले, आणि राहिलेच.

“हे पाणी नाही, ही आईची माया आहे!” ब्रदर गरजले. “साखर? गेली! संधिवात? गेला! डॉक्टर काय म्हणतो? आयुष्यभर गोळी घ्या. माउली काय म्हणते? बाळा, गोळी टाकून दे!”

माउली इतकं स्पष्ट बोलत होती तर रडत कशाला होती, हे विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण दुसऱ्याच्या देवाबद्दल बोलायचं नसतं, असं आम्ही सगळेच शिकलेलो.

ब्रदरनी अश्रू टिपलेला कापूस सरिताच्या कपाळावर फिरवला. सरिता एकोणीस वर्षांची. शिवणाच्या वर्गात माझ्या शेजारच्या मशीनवर बसते. तिला लहानपणापासून एक ‘त्रास’ होता. वस्तीत त्याचं नाव कुणी घेत नसे. तो ‘त्रास’ गोळ्यांनी आटोक्यात होता. आता कन्नड गावचं स्थळ जमत आलेलं, आणि सासरी गोळ्यांची डबी कशी न्यायची, या घोरानं लीलाबाईला झोप नव्हती. कापूस फिरला त्या दिवशी तिनं डबी लपवून टाकली.

नंतरच्या बुधवारी सरिता झटका येऊन चुलीपाशी पडली. हात पोळला. आम्ही चारचौघींनी पाहिलं. ब्रदर म्हणाले, “हा तर माउलीचा स्पर्श!” आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

पट्टी बांधली सिस्टर अगाथांनी. त्या वस्तीत दवाखाना आणि शिवणवर्ग चालवतात. दर शनिवारी प्रार्थनेआधी पाच-दहा मिनिटं चिंतन सांगतात, तेही मिठावर, केरसुणीवर. एकदा म्हणाल्या होत्या, “सुई पुढं जाती, पण कापडात राहतो तो दोरा. पुढारपण करायचं तर सुईसारखं करा बायांनो. भोक पाडायचं, टोचून घ्यायचं, अन् निघून जायचं.” मी तेव्हा हसले होते.

पट्टी बांधून झाली. मग ब्रदर दवाखान्यात आले. “सिस्टर, ही सगळी तुमच्या चिंतनाची पुण्याई. लोक तुम्हाला संत म्हणायलेत.”

“मला?” सिस्टर म्हणाल्या. “काल डाळ करपवली मी.”

“गर्दी अशीच राहिली तर दवाखान्याला मजला चढंल.”

“अन् दवाखान्यात येणार कोण? गोळ्या तर तुम्ही टाकायला लावल्या.”

शनिवारी चर्च खचाखच. पुढच्या ओळीत कन्नडहून आलेली सरिताची होणारी सासूसुद्धा. सिस्टर चिंतनाला उभ्या राहिल्या, त्या हातात गरम पाण्याची बादली आणि फडकं घेऊनच. सरळ स्टुलावर चढल्या आणि माउलीचं तोंड पुसायला लागल्या, एखाद्या लेकराचं पुसावं तसं.

“सिस्टर, हा अपमान आहे!” ब्रदर ओरडले.

“आईचं तोंड धुणं अपमान कधीपासून झाला?” फडकं त्यांनी आम्हाला दाखवलं. तेलकट, चिकट. “आता पेटवा मेणबत्त्या. करा प्रार्थना.”

प्रार्थना झाली. गाणी झाली. माउलीचे डोळे कोरडे ठणठणीत.

“आवडाबाई,” सिस्टरांनी विचारलं, “माउलीच्या डोक्याला तेल कोण लावतं?”

“मीच की,” आवडाबाई बावरल्या. “थंडी लई हाय. पोरीच्या डोक्याला लावते तसं सकाळच्याला खोबरेल चोळते. पयलेपसून चोळते. हे ब्रदर म्हनले, आता डोळ्यालाबी लावत जा, माउलीला आवडतं.”

सिस्टरांनी माउलीपाशी ठेवलेली थिजलेल्या खोबरेलाची बरणी उघडली. पांढरा गोळा बोटावर घेऊन माउलीच्या पापणीच्या खाचेत भरला. पांढऱ्या प्लास्टरवर पांढरं तेल, दिसणार कुणाला? मग मेणबत्त्यांचा स्टँड माउलीच्या आणखी जवळ ओढला.

“हा स्टँड पहिले दाराशी असायचा. तोंडाखाली कुणी आणला, ब्रदर?”

ब्रदर माईकच्या वायरशी खेळत होते. एवढ्यात माउलीच्या डोळ्यातून थेंब निघाला आणि गालावरून घरंगळला. या वेळी कुणी हंबरडा फोडला नाही.

“आवडाबाईनं माया केली, तिचं काय चुकलं नाय,” सिस्टर म्हणाल्या. “पण तिच्या मायेचं तमाशात रूपांतर कुणी केलं, ते बघा. मी रोज या माउलीपुढं गुडघे टेकते, उद्याबी टेकीन. मात्र ज्याला टिकवायला खोटं लागतं, तो माझा देव नव्हे. देवानं डोकं निस्तं तेल लावायला दिलेलं नाय. विचारा. तपासा. अन् डॉक्टरला विचारल्याबिगर कुणाचीबी गोळी बंद करू नका.”

“तेलाचं सोडा!” ब्रदरनी माईक पुन्हा उचलला. “गुण तर आला ना? ही सरिता साक्षात उभी आहे! पुढं ये पोरी. सांग सगळ्यांना, तुझा त्रास गेला का नाही?”

होणाऱ्या सासूनं मान वळवली. लीलाबाईनं लेकीचं कोपर गच्च धरलं. “गेला म्हण. गेला म्हण, माय माझी.” मी जमिनीकडं बघत होते, आवडाबाई छताकडं.

सरितानं कोपर सोडवून घेतलं. ओढणीखालचा पट्टीचा हात बाहेर काढला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

“मला मिरगी हाय,” ती म्हणाली. “बुधवारी मिरगीच आलती, तुमी समद्यांनी बघितलं. आये, माझ्या गोळ्या दे.”