कॉफीच्या पाकिटावरचे तात्या

आमच्या धंद्यात कोऱ्या जागेला किंमत नाही. मी बारामतीत फ्लेक्स छापतो. वाढदिवसाचा बोर्ड म्हटला की मधोमध उत्सवमूर्ती, वर नेते, खाली शुभेच्छुक. आणि शुभेच्छुकांत ज्याचा फोटो बसला नाही, तो संध्याकाळी दुकानात भांडायला हजर. बोर्डावर कुठंही बोट ठेवा, कुणाचा तरी गाल लागलाच पाहिजे. त्यामुळे कळसच्या सौरभ खारतोडेने लॅपटॉप उघडून आपल्या कॉफीचं पाकीट दाखवलं, तेव्हा मी त्याला विचारलं, "फाइल अर्धीच उघडली का काय?"

"तौसिफभाई, हाच ट्रेंड आहे सध्या," तो म्हणाला.

सौरभ पुण्यातली नोकरी सोडून आलेला. चिकमंगळूरहून कच्च्या बिया आणायच्या, कळसला शेतातल्या शेडमध्ये भाजायच्या आणि शहरात विकायच्या, असा त्याचा बेत. सोनेरी अक्षरं, वाफाळता कप, चकचकीत कागद हे सगळं म्हणे गावठी झालं होतं. आता पाकीट मातकट आणि बिनचमकीचं हवं, त्यावर मोकळं रान हवं आणि मधोमध एकच शेतकरी, काळापांढरा. गिऱ्हाइकाला कॉफी नको असते, कॉफीमागचा माणूस हवा असतो, हे त्याने मला दोनदा समजावून सांगितलं. माणूस घरातच होता, त्याचे वडील रामहरी तात्या.

तात्यांनी जन्मभर ऊस लावला. कॉफी प्यायले असतील तर एखाद्या लग्नात, चहा संपला म्हणून. तरी फोटोला ते इस्त्रीचे कपडे आणि गुलाबी फेटा घालून आले. सौरभने फेटा उतरवला, मग हसू उतरवलं. "नॅचरल दिसू द्या," म्हणाला. नॅचरल तात्या पोलिसांनी धरून आणल्यासारखे दिसत होते.

डिझाइन तयार झाल्यावर तात्या माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. "मागल्या बाजूला काय लिव्हलंय?"

"चव लिहिली आहे. गूळ, चिंच, भाजलेले शेंगदाणे," सौरभ म्हणाला.

"येवढं समदं हाय तर कॉफी कशाला घालायची?" तात्या म्हणाले. मग पुढची बाजू बराच वेळ बघत राहिले. "आन् माझं नाव कुठं हाय?"

"नाव नाही, तात्या. नावानं फोकस जातो."

"आरं, गावात कुणाचा बी वाढदिस असू दे, कालची पोरं बोर्डावर असत्यात. मला कदी कुणी इचारलं न्हाय. आता पोराच्याच पाकिटावर हाय, तर बारकं का हुईना, नाव टाक. रामहरी ज्ञानदेव खारतोडे, राहणार कळस."

"तुम्ही तिथं रामहरी नाही," सौरभने समजूत घातली, "तुम्ही शेतकरी आहात."

"शेतकऱ्याला नाव नसतंय व्हय रं?" तात्यांनी हे मला विचारलं, पोराला नाही. मी फाइल सेव्ह केली. मला वाईट वाटलं, पण ऑर्डर सौरभची होती.

रविवारी शेडवर उद्घाटन होतं. त्यासाठी कळसच्या फाट्यावर आणि शेडच्या दारावर लावायला सौरभने पाकिटासारखाच बोर्ड करायला सांगितला. पांढरंशुभ्र रान, मधोमध तात्यांचा काळापांढरा चेहरा, खाली तारीख, 'सकाळी ८ वा., कळस'. कंपनीचं नाव कोपऱ्यात, मुंगीएवढं. मी दोन प्रती छापल्या आणि शुक्रवारी पोरांनी नेऊन लावल्या. असे बोर्ड आम्ही येताजाता छापतो, त्यामुळे हाताला काही वेगळं लागलं नाही आणि डोकं दुसऱ्या ऑर्डरीत होतं.

रविवारी मी पाकिटांचे खोके घेऊन पोचलो, तर शेडसमोर ही गर्दी. सौरभला आनंद मावत नव्हता. "बघा, एका अक्षराची जाहिरात नाही, तरी माणसं आली. यालाच म्हणतात डिझाइन."

मी बघितलं. पुरुषांच्या खांद्यावर टॉवेल होते. खुर्च्या मांडलेल्या असून कुणी बसत नव्हतं, कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. बायका शेडकडे न येता तडक घराकडे चालल्या होत्या. तेवढ्यात पिंपळी गावाहून एक टेम्पो येऊन थांबला आणि त्यातून तात्यांच्या थोरल्या बहीण गोजरबाई हंबरडा फोडत उतरल्या. मागून त्यांची सून पिठलं-भाकरीची पाटी घेऊन. ज्या घरात माणूस जातं तिथं चूल पेटत नाही, म्हणून भावकी असा कडू घास घेऊन येते. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे एकट्या माणसाचा काळापांढरा फोटो आणि खाली 'सकाळी आठ' याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. मधल्या दोन दिवसांत बोर्डाचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला होता. तात्या तेव्हा सौरभच्या बारामतीतल्या खोलीवर मुक्कामाला होते, आणि बारामतीत म्हणजे दवाखान्यातच, असा लोकांनी हिशेब लावला. सौरभचा फोन उद्घाटनाच्या गडबडीत लागत नव्हता. राहिला तात्यांचा, तर मेलेल्या माणसाला फोन कोण करणार?

इतक्यात तात्या शेडमधून बाहेर आले, हातात कागदी कपांचा ट्रे.

गोजरबाईंचा हंबरडा मधेच थांबला. "रामा, तू हायस?"

"हाय की. कॉफी घे."

गोजरबाईंनी आधी त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग गळ्यात पडून खरंखुरं रडल्या. जमलेल्यांची पंचाईत झाली. तोंड कसं करावं हे कुणाला सुचेना. रिकाम्या हातानं परतणं बरं दिसेना, म्हणून जो तो एकेक पाकीट घेऊ लागला.

त्यात विजयसिंह आले. हे आमच्या भागातले होतकरू पुढारी, सगळ्यांचे बापू. लग्न चुकेल, पण मयत चुकायची नाही. पोरांनी त्यांच्या गाडीवरून नवाकोरा बोर्ड उतरवला, इंदापुरात घाईनं छापून आणलेला. कुणाच्या तरी लग्नातला तात्यांचा रंगीत फोटो, गुलाबी फेटा, तोंडभर हसू. वर वीतभर अक्षरांत 'कै. रामहरी ज्ञानदेव खारतोडे', खाली 'प्रगतशील बागायतदार, दिलदार व्यक्तिमत्त्व', आणि शेजारी शोकाकुल विजयसिंह, गॉगल लावून, तात्यांच्या दुप्पट आकारात. तात्यांना जिवंत बघून पोरं बोर्ड गुंडाळायला लागली.

"थांबा," तात्या म्हणाले. त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि आपलं नाव बोट लावून वाचलं. सावकाश, दोनदा. मग बोट न उचलता तिथंच उभे राहिले.

तिकडे सौरभचे खोके रिकामे झाले होते. कुणीतरी गोजरबाईंच्या रडण्याचा व्हिडिओ टाकला होता आणि पुण्याहून मागण्या येत होत्या. तो घाईघाईनं तात्यांजवळ आला. मी तिथंच होतो, सगळं ऐकलं.

"तात्या, थोडे दिवस बाहेर पडू नका. तुम्ही आहात का गेलात, ते आपण काहीच बोलायचं नाही. लोक 'त्या बाबांची कॉफी' म्हणून मागतायत."

माझं डोकं सणकलं. हातातला रिकामा खोका मी त्याच्या पायाशी आपटला. तात्या मात्र पोराकडे नुसतं बघत होते. फोटोत त्याला पाहिजे होता, अगदी तसा चेहरा.

"तौसिफ," ते म्हणाले, "कटर हाय का तुझ्याकडं?"

कटर माझ्या खिशात कायम असतो.

"ते 'कै.' तेवढं काप. बाकी ऱ्हाऊ दे."

"बापू बी ऱ्हाऊ देऊ?" मी गॉगलवाल्या विजयसिंहांकडे बोट केलं.

"ऱ्हाऊ दे. बिचाऱ्यानं नाव तर घातलं."

मी कापलं. तात्यांनी स्वतः शिडीवर चढून तो बोर्ड शेडच्या दारावर ठोकला, सौरभच्या पांढऱ्या बोर्डाच्या बरोबर वर. खाली उतरले, चार पावलं मागं सरकून नाव नीट दिसतंय का बघितलं.

"तात्या, ब्रँडचं काय होणार याने?" सौरभ रडकुंडीला आला होता.

तात्यांनी माझ्या हातातला कापलेला 'कै.'चा तुकडा घेतला, त्याच्या तळहातावर ठेवला आणि बोटं मिटवली.

"हे ठेव तुझ्याजवळ," ते म्हणाले. "तुला कमी शब्द आवडत्यात."