मॅगझिनमध्ये मावेल तीच गोळी

माझा दीर क्लीट यंदा सगळ्या मोंटानाला एल्कची, त्या घोड्याएवढ्या हरणाची, शिकार शिकवायला निघाला होता. माझ्याच गॅरेजात, माझ्याच टेबलावर बसून त्याने काडतुसं भरली. गोळी लांब, टोकदार. दारू तिला भन्नाट वेग देणारी. गोळी पुंगळीत जेमतेम रोवलेली, कारण ती जितकी पुढे तितका नेम पक्का, असं त्याचं म्हणणं. चांदमारीवर हाताने एकेक काडतूस थेट नळीत सरकवून त्याने तीन भोकं एकमेकांना चिकटून पाडली.

"वहिनी, तुमची ती जाडी गोळी आता म्युझियममध्ये द्या."

माझी गोळी जड आणि बोथट, दारू बेताची. "एल्क काही भोकं बघायला थांबत नाही," मी म्हटलं. "तुझी काडतुसं बंदुकीच्या मॅगझिनमध्ये बसतात का बघितलंस?"

"त्यात काय बघायचं?"

शनिवारी डोंगराच्या पायथ्याशी गाडीतून उतरून तो मॅगझिन भरायला लागला, तर एकही काडतूस आत जाईना. सगळी लांब झाली होती.

"असू दे. मला एकच पुरे," तो म्हणाला.

एल्क दिसला. क्लीटची ती एक गोळी पाइनच्या खोडात गेली. दुसरं काडतूस थिजलेल्या बोटांतून बर्फात पडलं. तो ते चाचपत होता, तोवर मी एल्क पाडला.

मांस तोडून झाल्यावर क्लीटने खाली मान घालून विचारलं, "गाडीपर्यंत मी काय नेऊ?"

"तंगड्या ने," मी म्हटलं. "एका वेळी एकच. तुला सवय आहे."