सामीलनामा

"विलीन होणे म्हणजे मरणे."

वनमालाबाईंनी उत्तरपत्रिकेतलं वाक्य मोठ्यानं वाचलं आणि त्यांना हसू फुटलं. बाई हसल्या म्हणून वर्गही हसला. पाचवी ते सातवी मिळून पोरं नऊ, पण हसली नव्वद असल्यासारखी. उत्तर सातवीतल्या शिवांजलीचं होतं. तीच तेवढी हसली नाही. हे कुठल्या पुस्तकात वाचलंस गं, असं बाईंनी विचारलं, तेव्हा ती उभी राहिली.

"आईच्या बोर्डावर लिव्हलं व्हतं, मॅडम. फाट्यावर लावला व्हता त्यो. अनंतात विलीन."

दोन वर्षांपूर्वी तो बोर्ड बाईंनीही पाहिला होता, फोटोखालचे शब्द वाचून डोळे पुसले होते. आणि आता मुक्तिसंग्राम दिनाच्या निमित्तानं त्यांनीच फळ्यावर लिहिलं होतं, हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. शब्द दोन्हीकडे तोच, पण तेहतीस वर्षं मास्तरकी केलेल्या बाईला ते दिसलं नाही. पोरीला नीट दिसलं होतं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, असं आज आपलं झालं, हे बाईंना कळून चुकलं आणि उरलेला तास त्यांनी खाली मान घालूनच घेतला.

खरं तर संस्थानांचा धडा आठवीचा. वाडीतल्या शाळेला आठवी नव्हतीच. अणदूर आणि जळकोटच्या मधली ही दोन खोल्यांची शाळा, पट सतरा. पण सतरा सप्टेंबरला झेंडा फडकवायचा, जिलेबी खायची आणि ती का खाल्ली ते ठाऊक नसायचं, हे बाईंना पटत नसे. आपले आजे-पणजे निजामाच्या राज्यात राहत होते, सोलापूरला जायचं तर नाक्यावर झडती द्यावी लागे, हे पोरांना कळलंच पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. गावातली जुनी माणसं निजामाच्या त्या राज्याला अजून मोगलाईच म्हणतात.

दुसऱ्या दिवशी बाईंनी फरशीवर खडूनं नऊ गोल काढले आणि मधोमध एक मोठा. लहान गोल म्हणजे संस्थानं, मोठा म्हणजे भारत. देशात सामील होताना राजानं ज्यावर सही करायची त्या कागदाला सामीलनामा म्हणतात, असं सांगून त्यांनी प्रत्येकाला आपापला सामीलनामा लिहायला बसवलं. काय द्याल आणि काय सोडणार नाही, दोन्ही लिहायचं. निकितानं खिडकीजवळची जागा सोडली नाही. युवराजला गृहपाठ कायमचा माफ हवा होता; त्याला निजामासारखी पोलीस ॲक्शनची धमकी द्यावी लागली. एकेक संस्थान मोठ्या गोलात आलं. शिवांजली आपल्या गोलातून हलली नाही.

विलीन होणं म्हणजे मरणं नव्हे, मिसळणं, असं बाईंनी तिला समजावलं. आपल्या गावचा ओढा खाली बोरी नदीला मिळतो, तो काय मरतो?

शिवांजलीनं जरा विचार केला. "पर मिळाल्यावर त्याला ओढा म्हणत न्हाईत, मॅडम. बोरीच म्हणत्यात."

पोरगी आईवर गेली होती. आई, अयोध्या, हीसुद्धा बाईंचीच विद्यार्थिनी. तिचं माहेर आणि सासर दोन्ही या वाडीतलंच. असेच नेमके प्रश्न विचारायची. तेव्हा शाळा चौथीपर्यंतच होती. चौथी झाली आणि अयोध्या पाचवीला जळकोटला गेलीच नाही, घरी बसली. बाई तेव्हा तरुण होत्या, रोज तुळजापूरहून ये-जा करायच्या आणि शाळा सुटली की एसटी गाठायच्या. अयोध्याच्या बापाच्या दारात जाऊन चार शब्द बोलावं, हे त्यांच्या मनात आलं होतं आणि मनातच राहिलं. ती बोच त्यांना अजून होती.

दिवाळीची सुट्टी लागायच्या आधी कागद आला. पट कमी असल्यामुळे शाळेचं जळकोटच्या समूह शाळेत विलीनीकरण करण्यात येत आहे. खाली बाईंची बदली होती, उमरगा तालुक्यात, निवृत्तीला उरलेल्या सात महिन्यांसाठी. बाईंनी विलीनीकरण हा शब्द दोनदा वाचला आणि कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. तेहतीस वर्षं त्या मोठ्या गोलाच्या बाजूनं शिकवत आल्या होत्या. लहान गोलात उभं राहिल्यावर कसं वाटतं, ते त्यांना आता कळत होतं.

पालकांची सभा झाली. पोरांना न्यायला रिक्षा येणार म्हटल्यावर सगळे तयार झाले. शिवांजलीचे वडील शिवप्पा मात्र सभेला आले नाहीत. या वेळी बाईंनी एसटी सोडून दिली आणि त्यांचं घर गाठलं.

शिवप्पांनी सतरंजी टाकली, चहा सांगितला. माणूस वाईट नव्हता. "म्या न्हाय म्हणलो न्हाय, बाई," ते म्हणाले. "तीच म्हणती, शाळा मेली, आता मला शिकायचं न्हाय. आई गेल्यापासनं तिला कशाचा जोर करायला माझं मन हुईना."

शिवांजली आतल्या दाराशी उभी होती. बाईंनी तिला शिक्षणाचं महत्त्व वगैरे काही सांगितलं नाही. जळकोटच्या मुख्याध्यापकांना द्यायला सगळी मुलं सामीलनामे लिहिणार आहेत, तू पण तुझी अट लिही, एवढंच म्हणाल्या आणि कोरा कागद तिच्या हातात दिला. अट मान्य झाली नाही तर येऊ नकोस, असंही म्हणाल्या.

तीन दिवसांनी कागद आला. त्यावर एकच ओळ होती. शाळेच्या दाखलखारीजमध्ये माझ्या आईचं नाव आहे, ते कुठं टाकून देऊ नये.

दाखलखारीज म्हणजे शाळेत आलेल्या-गेलेल्या प्रत्येक पोराची नोंद असलेलं जाड रजिस्टर. जळकोटचे मुख्याध्यापक आण्णासाहेब यांनी सगळे सामीलनामे हसत हसत वाचले, या कागदाशी मात्र अडले. जुनी दप्तरं कापडात बांधून कोठीत ठेवायची असा रिवाज आहे, नाव काही कुणी खोडत नाही, असं ते समजुतीच्या सुरात सांगू लागले. वनमालाबाईंनी उभ्या नोकरीत वरिष्ठांशी वाद घातला नव्हता. आज त्या खुर्चीतून उठल्या नाहीत.

"सर, कोठीत बांधून ठेवलेलं नाव पोरीला कोण दाखवणार?" त्या म्हणाल्या. "हे पुस्तक तुमच्या कपाटात राहू द्या. तिनं मागितलं की दाखवा. माझी एवढीच विनंती आहे. मी तर इथं नसणार."

आण्णासाहेबांनी पेन काढलं, एकेका सामीलनाम्यावर सही केली आणि शिपायाकडून शिक्का मागवला. गृहपाठ माफ करा म्हणणाऱ्यावर मात्र 'अमान्य' असं लिहिलं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेच्या पहिल्या दिवशी रिक्षा आली तेव्हा शिवांजली दोन वेण्या घालून फाट्यावर उभी होती. बाई पुढे बसल्या, मांडीवर दाखलखारीज घेऊन. उमरग्याला दुपारपर्यंत हजर व्हायचं होतं, पण ही पोरं पोहोचवून मगच जायचं असं त्यांनी ठरवलं होतं. पोरं गाणी म्हणत होती. गाणी संपायच्या आत जळकोट आलंसुद्धा.

ऑफिसात आण्णासाहेबांनी कपाटाचा वरचा कप्पा रिकामा करून ठेवला होता. पुस्तक ठेवण्याआधी त्यांनी शिवांजलीला जवळ बोलावलं, तुझ्या आईचं नाव तूच काढ म्हणाले. तिनं पिवळी पानं हलक्या हातानं उलटली. नाव सापडलं. ओळीवर बोट ठेवून ती वाचू लागली. नाव, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, चौथी उत्तीर्ण. शेवटच्या रकान्यात शाळा सोडण्याचं कारण होतं. ते तिनं हळू वाचलं.

"पुढील शाळा दूर."

अक्षर गोल आणि वळणदार होतं. रोज फळ्यावर पाहिलेलं अक्षर तिनं लगेच ओळखलं. तिनं दाराबाहेर पाहिलं. रिक्षावाला अजून तिथंच उभा होता, इंजिनही निवलं नसेल.

"येवढंच दूर व्हतं, मॅडम?"

वनमालाबाईंना पुष्कळ सांगता आलं असतं. तेव्हा रिक्षा नव्हती, रस्ता नव्हता, पोरीच्या जातीला कुणी पाठवत नव्हतं.

"व्हय गं," त्या म्हणाल्या. "एवढंच होतं."

घंटा झाली. शिवांजलीनं पुस्तक मिटलं, दोन्ही हातांनी उचलून बाईंच्या हातात दिलं, आणि दप्तर सावरत ती वर्गाकडे निघाली.