वॉर्डातला अबोला

माणूस बोलायला शिकला आणि तिथेच बाकीच्या प्राण्यांच्या पुढे निघून गेला, असं विद्वान सांगतात. पुरुषांच्या वॉर्डातल्या दोन सिस्टर मात्र भाजीतल्या मिठावरून पुन्हा बाकीच्या प्राण्यांत येऊन बसल्या होत्या.

"मावशी, सांगा त्यांना, कोपऱ्यातल्या आजोबांचं सलाईन संपत आलंय."

"मावशी, म्हणावं, मला डोळे आहेत."

"डोळे आहेत म्हणे," आयामावशी हातभर अंतरावरचा निरोप पोचवत म्हणाल्या. "अगं बायांनो, मला टेलिफोन खात्यात तरी चिकटवा आता!"

या दोघी सख्ख्या जावा. थोरली सकाळपाळीला, धाकटी दुपारपाळीला. महिन्यापूर्वी धाकटी पाहुण्यांसमोर बोलून गेली, "ताईंच्या हाताला हल्ली मिठाचा अंदाज राहिला नाही." थोरलीने पाण्याचा घोट घेतला आणि त्याच्याबरोबर आवाजही गिळला. तेव्हापासून घरचा कारभार सासूबाईंमार्फत आणि वॉर्डाचा मावशींमार्फत चालला होता. पाळी बदलताना प्रत्येक खाटेपाशी उभं राहून पेशंटची हकीकत तोंडी सांगायची, ही तिथली पद्धत. दोघींनी ती कधी मोडली नाही. फक्त मध्ये मावशींना उभं करत.

त्या दुपारी मावशी एका पेशंटला घेऊन एक्स-रेला गेल्या आणि लिफ्ट बंद पडल्यामुळे ट्रॉलीसकट खालीच राहिल्या. जेवणही त्यामुळे उशिरा आलं. जेवणाची गाडी दारात दिसली तशी थोरलीने खिडकीजवळच्या घड्याळजी काकांना जेवणाआधीचं इन्सुलिन टोचलं. काकांनी उभी हयात घड्याळं दुरुस्त करण्यात घालवलेली, ते कधी कुणाला काही विचारत नसत. त्यांची फाइल मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत होती. ती आली की नोंद करू, असं थोरलीने ठरवलं, आणि तेवढ्यात धाकटी आली.

थोरली काकांच्या खाटेपाशी उभी राहिली. धाकटीने नुसतं "काही विशेष?" एवढं विचारलं असतं तरी तिने सगळं सांगितलं असतं. धाकटीलाही ताई बोलल्या तर ऐकायचंच होतं. म्हणून तिने उशीचा अभ्रा ओढून सरळ केला, मग आणखी सरळ केला. इस्त्रीलाही जमलं नसतं इतका तो सरळ झाला. थोरली पर्स उचलून निघाली.

धाकटीने काकांपुढचं ताट पाहिलं. डॉक्टरांकडून परत आलेल्या फाइलमध्ये टोचल्याची नोंद नव्हती. जेवण उशिरा आलं, म्हणजे इंजेक्शन आपल्या पाळीत पडलं, असं तिने मनाशी धरलं. काकांनी मुकाट्याने सदरा वर केला.

थोरली बसस्टॉपवर अर्धा तास ताटकळली आणि तिला आठवलं, नोंद राहिली. मावशींना फोन लावला, तर त्यांचा फोन कपाटात वाजत असणार. राहिली धाकटी. तिला फोन करायचा म्हणजे आधी आपण बोलायचं. समोर बस आली. थोरलीने पायरीवर पाय ठेवला.

"बाई, चढताय की उतरताय?" कंडक्टरने विचारलं.

"हरतेय," थोरली म्हणाली आणि मागे पळाली.

फोन लावतच ती जिने चढली. धाकटी उचलेना. ती उचलणार कशी? काका घामाने निथळत होते, हात थरथरत होते, आणि ते धाकटीलाच आपली थोरली बहीण समजून शाळेला उशीर झाल्याचं सांगत होते. हार्टचं काही असेल म्हणून धाकटीने डॉक्टरांना बोलावणं धाडलं होतं. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"मी दिलंय गं त्यांना इन्सुलिन!"

धाकटीचा चेहरा पांढरा पडला. "ताई... मीसुद्धा."

महिनाभराच्या अबोल्यानंतरचं हे पहिलं संभाषण. याहून जास्त बोलायला वेळच नव्हता. एकीने काकांना टेकवून बसवलं, दुसरीने साखर पाण्यात ढवळली आणि घोटघोट पाजली. डॉक्टर धावत आले, त्यांनी शिरेतून ग्लुकोज चालू केलं. दोघींनी काकांचे दोन हात धरून ठेवले. काका भानावर येऊन "तुम्ही दोघी रडताय का?" असं विचारेपर्यंत कुणीच हात सोडला नाही.

मग मेट्रनबाई आल्या. "सांगितलं कोणी नाही?"

"मी," थोरली म्हणाली.

"विचारलं मी नाही, मॅडम," धाकटी मध्येच. "पाळी माझी होती. ताई, तुम्ही गप्प बसा."

"महिनाभर गप्पच होते ना! त्याचंच तर झालं हे."

"तुमचं नाव नको यात. दोन वर्षांत रिटायर व्हाल तुम्ही."

"आणि तुझी पोरं शिकायची आहेत अजून. मोठी आली मला वाचवणारी!"

मेट्रनबाईंच्या उभ्या नोकरीत चूक स्वतःकडे ओढण्यावरून झालेलं हे पहिलंच भांडण असावं. त्या म्हणाल्या, "दोघींची नावं जातील. पण आधी पेशंटला सांगा. तुम्हीच सांगा."

दोघी काकांच्या खाटेपाशी गेल्या. या वेळी मध्ये कुणी नव्हतं. थोरलीने घसा साफ केला.

"काका, आमची चूक झाली. एकच इंजेक्शन तुम्हाला दोनदा दिलं गेलं. आम्ही एकमेकींशी बोलत नव्हतो, म्हणून. जिवावर बेतलं होतं तुमच्या."

धाकटीने थोरलीचा पदर नकळत मुठीत धरला होता.

"मला कळलं होतं दोनदा टोचलेलं," काका म्हणाले. "पण वाटलं, घरात दोन सुना असल्या की दोघींच्या हातचं घ्यावं लागतं. एकीला नको म्हटलं तर ती रुसायची."

"पुढच्या वेळी नको म्हणा, काका," धाकटी डोळे पुसत म्हणाली. "रुसू दे खुशाल."

"बरं." काकांनी डॉक्टर दूर गेल्याची खात्री करून घेतली आणि आवाज बारीक केला. "ते साखरेचं पाणी... थोडं उरलंय का हो?"